‘वाजवी भेट’ एवढ्यावर न थांबणाऱ्या समुपदेशक मॅडमना

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

कौटुंबिक न्यायालयात आम्ही एकमेकांच्या विरुद्ध बाजूंनी उभे राहतो, पण हे पत्र सगळ्यांचं मिळून आहे. आई एका शहरात आणि वडील दुसऱ्या, अशा विभक्त जोडप्यांच्या प्रकरणांत मूल कधी कोणाकडे राहील याच्या, दोघांच्या संमतीच्या अटी तुम्ही ज्या बारकाईने लिहून घेता, त्याबद्दल मनापासून आभार.

‘महिन्यातून दोनदा वाजवी भेट’ हे एकाच गावात कसंबसं निभतं. मध्ये रात्रभराचा प्रवास आला की मोडतं. तुमचा पहिला प्रश्न असतो, कोणता शनिवार? ‘एक आड एक’ लिहिलं की पाच शनिवारांच्या महिन्यानंतर दोघांची मोजणी वेगळी होते. ‘दुसरा आणि चौथा’ लिहिलं की विषय संपतो. दिवाळी दरवर्षी सरकते, म्हणून तारखेऐवजी ‘सम वर्षी वसुबारस ते भाऊबीज आईकडे, विषम वर्षी वडिलांकडे’. उन्हाळी सुट्टी शाळेच्या वेळापत्रकावरून मोजायची आणि शाळा उघडण्याच्या दोन दिवस आधी मूल घरी. सुट्टी आणि ठरलेला शनिवार एकमेकांवर आले तर सुट्टीचा क्रम वरचढ, हे एक वाक्य राहून गेल्याने किती अर्ज पडतात!

खर्चाचा हिशोब तर तुम्हीच मांडावा. मुलाला न्यायला येणाऱ्या पालकाचे चार प्रवास होतात, त्यातले दोन एकट्याने. ‘खर्च निम्मा-निम्मा’ म्हणताना ते दोन धरले का, इथेच भांडण पेटतं. रेल्वेत पाच ते बारा वर्षांच्या आतल्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा तर पूर्ण भाडं पडतं, अर्ध्या भाड्यात बर्थ नाही. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, तेव्हा तारखा त्याआधी पक्क्या हव्यात. आणि मूल सोपवायचं ते नुसतं ‘स्टेशनवर’ नाही: कोणतं प्रतीक्षालय, किती वाजता, गाडी लेट झाली तर किती वेळ थांबायचं, सगळं कागदावर. ताप आला तर डॉक्टरांची चिठ्ठी, आणि बुडालेली भेट पुढच्या 30 दिवसांत.

यशिता साहू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये दूरच्या पालकाला मुलाशी रोज पाच-दहा मिनिटं बोलता यावं असं म्हटलं. त्याला तुम्ही जोडता: वेळ कोणती, फोन कोणाचा, आणि मूल बोलत असताना दुसऱ्याने खोलीबाहेर जायचं. शेवटची अट पाळायला सगळ्यात जड, आणि आमच्या मते सगळ्यात मोलाची.

1890च्या पालक व पाल्य कायद्याच्या कलम 9नुसार ताब्याचा अर्ज मूल नेहमी राहतं तिथल्या न्यायालयात जातो. म्हणून शहर बदलण्याआधी लेखी सूचना द्यायची, हेही तुम्ही विसरू देत नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26खाली अटी पुढे बदलता येतात. मूल बारा वर्षांचं झालं की फेरविचार, ही अट तुमचीच. तोवर भाडंही बदललेलं असतं आणि मुलाची मर्जीही.

तुमच्या प्रश्नांची यादी नव्या वकिलांना द्यायचा विचार आहे. हरकत असल्यास कळवावे.

आपले,
कौटुंबिक न्यायालयातील काही वकील