आमची तारीख कुणाला विचारून काढून घेतली? मंत्रीमहोदयांना खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्रीमहोदय,
कर्नाटक सरकार, बंगळूर

स. न. वि. वि.

मी बेळगावातल्या शहापुरात खानावळ चालवते आणि लग्नाच्या आधीपासून हौशी नाटकांत काम करते. गेल्या शनिवारी रात्री आमच्या संस्थेचा प्रयोग होता. सभागृहाचं भाडं आणि अनामत तीन महिने आधी भरलेली. पावती शिक्क्यासकट माझ्या कपाटात आहे. शनिवारी सकाळी फोन आला, "सरकारी कार्यक्रम ठरलाय, हॉल मिळणार नाही." लेखी काही नाही. दुसरी तारीख मागितली तर "बघू". गेल्या वर्षीही असंच झालं होतं. तेव्हा एका वरिष्ठ अधिकाऱ्यांनी आम्हा सगळ्यांसमोर शब्द दिला होता, की पावती झालेली तारीख यापुढे कुणीही बदलणार नाही. त्या शब्दावर विसंबून आम्ही पुन्हा पैसे भरले.

फोन आला तेव्हा नेपथ्याचा आणि दिव्यांचा टेंपो कोल्हापूरहून निघून सीमेवरचा कोगनोळी नाका ओलांडून आला होता. साठ माणसांच्या भाकऱ्या थापायला मी पहाटे उठले होते. भरली वांगी चुलीवर, शेंगाची चटणी कुटून तयार. अन्न गल्लीत वाटलं, वाया जाऊ दिलं नाही, पण पीठ, तेल, गॅस आणि दोन मदतनीस बायकांची मजुरी माझ्या गल्ल्यातून गेली. तिकिटांचे पैसे परत करताना माणसं मलाच विचारत होती, "तुम्हाला जमत नाही तर करता कशाला?" मी काय उत्तर देऊ, साहेब? माझ्या हातात काय होतं?

आणि आमच्यातली ती येळ्ळूरची मुलगी. दिवसभर कापडाच्या दुकानात उभी राहते, संध्याकाळी तालमीला येते. पहिलीच मोठी भूमिका. घरच्यांना कसंबसं तयार केलं होतं, वडील पहिल्या रांगेत बसणार होते. शनिवारी दुपारी ती माझ्या स्वयंपाकघरात बसून रडली. आता वडील म्हणतात, पुरे झालं नाटक. तिच्या अनामतीचा परतावा कुठल्या खिडकीवर मिळतो ते मला सांगा.

आमच्याकडे पुण्या-मुंबईचे पाहुणे येतात. त्यांना आम्ही किल्ला दाखवतो, आतलं जैन मंदिर कमल बस्ती दाखवतो, टिळकवाडीत काँग्रेस अधिवेशनाचं स्मारक वीरसौध दाखवतो, जाताना कुंदा बांधून देतो. संध्याकाळ झाली की ते विचारतात, आज इथे नाटक-गाणं काही आहे का? हा प्रश्न मला फार लागतो. कारण हे तसलं गाव नव्हतं. इथलं सार्वजनिक वाचनालय 1848 पासूनचं. पु. ल. देशपांडे इथल्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवत होते. 1924 मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तेव्हा लहानग्या गंगूबाई हनगल त्या मंडपात गायल्या. त्याच वर्षी जवळच्या सुळेभावीत कुमार गंधर्व जन्मले. 2015 मध्ये 95 वं नाट्य संमेलन इथे भरलं, आणि बाहेरून आलेले कलावंत इथल्या प्रेक्षकांवर खूश होऊन गेले. प्रेक्षक आजही तेच आहेत. त्यांना बसायला जागा द्या!

काँग्रेस अधिवेशनाच्या शताब्दीला सगळं शहर दिव्यांनी उजळलं. बघून मलाही बरं वाटलं, खोटं का बोलू? पण त्या रोषणाईतला थोडा खर्च एखाद्या रंगमंचाच्या स्पॉटलाइटवर, पडद्यावर, बायकांच्या मेकअप खोलीतल्या कडीवर का होत नाही? स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत 2016 ला आमचं नाव आलं. केंद्राचे 500 कोटी, राज्याचे तेवढेच, असा तो हिशेब. हजार कोटींच्या गोष्टी ऐकल्या आम्ही. त्यातून नाटकवाल्याला परवडेल असं तीनशे खुर्च्यांचं एक नाट्यगृह होत नव्हतं? विधिमंडळाची इथली इमारत, सुवर्ण विधानसौध, 2012 मध्ये उभी राहिली, हिवाळी अधिवेशनाला तुम्ही सगळे येता, दहा-बारा दिवस लॉजच्या खोल्या मिळत नाहीत, आणि मग वर्षभर आम्ही आणि आमचे खड्डे.

हे मराठीचंच रडगाणं आहे असं कुणी तुमच्या कानात सांगेल. सांगू देऊ नका. आमच्या शेजारच्या कन्नड नाटकवाल्यांची तारीखही अशीच गेली आहे. ते आणि आम्ही एकमेकांचे पडदे, विंगा, तबलजी उसने घेतो. पण मराठी माणूस म्हणूनचं दुखणंही आहेच, ते गिळून का टाकू? दुकानांच्या फलकावर 60 टक्के कन्नड हवं म्हणून तुमची माणसं पट्टी घेऊन मोजतात. मोजा, कायदा आहे. त्याच तत्परतेने आमच्या अर्जाला उत्तर का येत नाही? सीमेवर कुठे कुणी दगड मारला की एसटी बंद, पाहुणे कलाकार अडकले, प्रयोग रद्द. भांडण पुढाऱ्यांचं आणि तारीख आमची जाते. मतं मागायला आमच्या गल्लीत मराठीत बोलता येतं सगळ्यांना, निवडणूक झाली की कुणाला आमची भाषा कळत नाही.

आमचं भाडं आणि अनामत पूर्ण परत द्या, आणि टेंपोचं भाडंही, कारण तो तुमच्या कार्यक्रमामुळे रिकामा परत गेला. पावती झालेली तारीख सरकारी कार्यक्रमासाठीसुद्धा काढून घेता येणार नाही, असा आदेश काढा. हौशी संस्थांना भाडं निम्मं करा. नाटक सुटल्यावर येळ्ळूर, कडोली, उचगावला जाणारी एक बस ठेवा, नाहीतर खेड्यातली मुलगी रंगमंचावर येणार कशी? आणि आम्हाला पुढच्या महिन्यातली एक शनिवारची रात्र द्या. उत्तर कन्नडमध्ये द्या, मराठीत द्या, चालेल. फक्त सही-शिक्क्यानिशी लेखी द्या.

आपली,
शहापूर, बेळगाव येथील एक खानावळचालक व नाट्यकलावंत