बोटीच्या इंजिनासाठी पहाटे धावून आलेल्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

नागपूरच्या बर्डीवरून निघून भल्या पहाटे पेंच जलाशयावर आलात, पैसे घेतले नाहीत आणि चहाही इंजिन सुरू झाल्यावरच प्यायलात. तोंडावर आभार मानले तर तुम्ही विषय बदलाल, म्हणून चारचौघांसमोर लिहितोय.

नागपूर म्हटलं की लोकांना मे महिना आठवतो. पण २९ डिसेंबर २०१८ ला इथे पारा ३.५ अंशांवर आला होता, आणि पाण्याकाठची थंडी तर हाडात शिरते. अशा पहाटे आमचं जुनं डिझेल इंजिन नुसता पांढरा धूर ओकायचं. कोणी म्हणे सेल्फ मारत राहा, कोणी म्हणे ईथरचा स्प्रे मारा. तुम्ही तो डबा बाजूला ठेवलात. सिलिंडरमधली हवा तापवणारा हिटर प्लग तापलेला असताना ईथर भडकला तर रिंगा आणि पिस्टन जातात, हे तेव्हा कळलं.

डिझेलला स्पार्क लागत नाही, दाबून तापलेल्या हवेनंच ते पेटतं. चालत्या इंजिनात ही हवा ५०० अंशांच्या वर जाते; गार ब्लॉक, म्हणजे इंजिनाचं लोखंडी अंग, मात्र तीच उष्णता शोषून घेतो. त्यात ऑईल घट्ट, बॅटरी सुस्त. पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल.

पण खरे उपकार पुढचे आहेत. तुम्ही खाली वाकून पाण्याचा व्हॉल्व्ह बंद केलात. इंजिन न पेटता फिरत राहिलं की इंजिन गार ठेवणारा पंप तळ्याचं पाणी ओढतच राहतो. ते बाहेर ढकलायला धुराचा जोर नसतो, सायलेन्सर भरतो आणि पाणी उलटं सिलिंडरमध्ये शिरतं. मग कनेक्टिंग रॉड वाकलाच समजा. इतकी वर्षं बोटी चालवतोय, हे कोणी सांगितलं नव्हतं! झाकणावर तुम्ही खडूनं लिहिलेलं ‘पेटलं की व्हॉल्व्ह उघड’ आम्ही आता रंगानं गिरवून घेतलंय.

ब्लॉकमध्ये हिटर बसवलात, धक्क्यावरच्या लाईनला अर्थिंग आणि ईएलसीबी (वीज गळली की लाईन तोडणारा स्विच) स्वतः तपासलंत. कुलंट पाहिल्याशिवाय बटण दाबायचं नाही, कोरडा हिटर जळतो, हे आमच्या पोरांना पाठ झालंय. पहाटे चारला बटण, सहाला सेल्फ, आणि इंजिन पहिल्याच झटक्यात घेतं.

दुसऱ्या बोटीसाठीही हिटर आणून ठेवलाय. वायरिंग मात्र तुमच्या हातचंच हवं. काकूंनाही घेऊन या.

आपला,
जलाशयावरचा बोटवाला