ट्रस्टचा दावा लावण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या रामबागेत सध्या जिकडेतिकडे एकच विषय: आजोबांनी केलेला ट्रस्ट आणि वाड्यावर डोळा ठेवून असलेला बिल्डर. मी इंदूरच्या जिल्हा कोर्टात एका दिवाणी वकीलसाहेबांकडे बरीच वर्षं मुन्शी होतो, म्हणून मंडळी सल्ल्याला येतात. कागद थोडे, गाऱ्हाणी फार. काका मुंजीत काय बोलले, आत्याच्या पाटल्या कुणी नेल्या! न्यायाधीशांना त्याचं काही नसतं. ते ट्रस्टडीड, म्हणजे ट्रस्टचा मूळ दस्त, उघडतात आणि ट्रस्टीला हिशेब विचारतात.

त्याआधी ट्रस्ट कोणता, यावरच वाद होतो. घरच्यांपुरता असेल तर १८८२ चा न्यास कायदा. सगळ्यांसाठी खुलं देऊळ किंवा धर्मशाळा असेल तर मध्य प्रदेशचा १९५१ चा सार्वजनिक न्यास कायदा. तिथे जागा विकायला निबंधकाची पूर्वपरवानगी लागते. अहिल्याबाईंची देवळं नि घाट सांभाळणाऱ्या, ‘खासगी’ हेच नाव असलेल्या आपल्या ट्रस्टलाही सुप्रीम कोर्टाने जुलै २०२२ मध्ये या कायद्याखाली नोंदणी करायला सांगितलंच ना?

मग तामिली, म्हणजे समन्स बजावणं. पुण्याच्या आत्याला समन्स पोचतं, अमेरिकेतल्या नातवाला काही केल्या पोचत नाही. शिपाई दारातून नाव पुकारतो, रीडर, म्हणजे न्यायाधीशांचे कारकून, नस्तीवर (फायलीवर) पुढची पेशी, म्हणजे तारीख, लिहितात, दोन मिनिटांत काम आटोपतं. तेवढ्यासाठी तुम्ही देवासहून रजा टाकून आलेले असता. मध्येच कुणी पक्षकार वारला तर ९० दिवसांत त्याचे वारस रेकॉर्डवर घ्यायचा अर्ज द्यावा लागतो. राहून गेला, तर त्याच्यापुरता दावा संपतो आणि तो जिवंत करायला आणखी अर्ज.

स्टे, म्हणजे कोर्टाची तात्पुरती मनाई, मिळाला की लोक पेढे वाटतात. ‘यथास्थिती’चा, म्हणजे आहे तसंच ठेवा असा, हुकूम झाला की वाडा विकता येत नाही, हे खरं, पण छपरावर नवे पत्रे टाकायचे तरी समोरचा हरकत घेतो. पावसाळा काही पेशी बघून येत नाही. भाडेकरू तेवढे मजेत, कारण भाडं कुणाला द्यायचं हेच ठरलेलं नसतं.

खर्चाचंही ऐका. ट्रस्टसाठी केलेला रास्त खर्च ट्रस्टीला ट्रस्टच्या पैशातून घेता येतो, आणि वकिलाची फी त्यातच दाखवली जाते. म्हणजे समोरचा वकीलही तुमच्याच ताटात जेवतो.

ट्रस्टडीडमध्ये ‘वाद लवादाकडे न्यावा’, म्हणजे कोर्टाबाहेर नेमलेल्या पंचाकडे न्यावा, असं लिहिलेलं असलं तरी न्यास कायद्याखालचे असे वाद लवादाकडे जात नाहीत, असं सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्येच सांगितलंय. कोर्टामार्फत मध्यस्थी मात्र होते, आणि तिथे मिटलं तर कोर्ट फी परत मिळते. बडोद्याच्या गायकवाड घराण्याचा संपत्तीचा वादसुद्धा शेवटी २०१३ मध्ये तडजोडीनेच मिटला.

तेव्हा दावा लावायच्या आधी ट्रस्टींना एक साधं पत्र धाडा: ट्रस्टडीड आणि हिशेब दाखवा. लाभार्थ्याला, म्हणजे ज्याच्यासाठी ट्रस्ट केला त्याला, हा हक्क १८८२ च्या कायद्यानेच दिलाय, त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. पत्र स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. उत्तर आलंच नाही, तर तीच दाव्याला जोडता येईल.

आपला,
एक निवृत्त मुन्शी
रामबाग, इंदूर