ओझोनचं मशीन झोपायच्या खोलीत नको

संपादक साहेब, नमस्कार

मी इंदूरला रामबागेत राहतो, 31 वर्षं मोटर वाइंडिंगचं काम केलंय. मागच्या पावसाळ्यात नातवाचा खोकला काही जाईना म्हणून सूनबाईंनी ऑनलाइन हवा शुद्ध करायचं मशीन मागवलं, चार रात्री त्याच्या उशाशी चालवलं, आणि खोकला कमी व्हायचा सोडून पोराचा घसाच धरला. सकाळी खोलीत गेलो की वीज पडल्यावर येतो ना तसा तिखट वास. औषधांच्या पाकिटांना लावलेली रबरबँडं बघितली तर ताणलेल्या जागी बारीक बारीक चिरा, हात लावला की तुटली. तेव्हा मला शंका आली आणि मी मशीन उघडलं.

आत काचेची नळी, आतून धातू, बाहेरून स्टीलची जाळी. मध्ये काच असते म्हणून हजारो व्होल्ट देऊनही मोठी ठिणगी पडत नाही, नुसता जांभळा उजेड फुटतो, अंधारात बघायला छान वाटतो. त्या उजेडात हवेतल्या ऑक्सिजनच्या दोन अणूंची जोडी फुटते, सुटा अणू दुसऱ्या जोडीला जाऊन चिकटतो आणि तीन अणूंचा ओझोन होतो. ही युक्ती जुनीच आहे, 1857 मध्ये जर्मनीत वर्नर फॉन सीमेन्स या इंजिनिअरनी अशी नळी केली होती आणि फ्रान्सच्या नीस शहरात 1906 पासून पिण्याचं पाणी ओझोननी साफ करायला लागले. ओझोन जंतू मारतो यात शंकाच नाही. पण तिथे तो पाण्यात सोडतात, उरलेला गॅसही तसाच बाहेर सोडत नाहीत, त्याचा पुन्हा ऑक्सिजन करतात, आणि हवा आधी अगदी कोरडी करून घेतात. कोरडी का, तर ओल्या हवेत ओझोन कमी होतो आणि हवेतल्याच नायट्रोजनपासून नायट्रिक अ‍ॅसिड बनतं. आमच्या मशीनमध्ये पावसाळ्यातली इंदूरची दमट हवा तशीच जात होती, पितळी क्लिपवर हिरवट थर चढलेला मी डोळ्यांनी पाहिला.

आता हिशोब बघा. डब्यावर लिहिलंय तासाला 400 मिलिग्रॅम ओझोन. दहा बाय दहाची खोली, छत दहा फूट, म्हणजे साधारण 28 घनमीटर हवा. अमेरिकेत कारखान्यातल्या धडधाकट कामगाराला 8 तासांसाठी 0.1 पीपीएमची, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ओझोनचा 0.1 भाग, एवढी मर्यादा आहे, ती या खोलीत साडेपाच मिलिग्रॅमलाच गाठली जाते. दारं-खिडक्या बंद असल्या तर एका मिनिटाचं काम! आणि आपण रात्रभर लावून झोपतो, तेही खोकणाऱ्या लहान मुलाजवळ. ओझोननी फुफ्फुसाला सूज येते, दम्यावाल्यांना तर जास्तच त्रास. जो गॅस जंतू मारतो तो आपल्या घशाला काय सोडणार आहे?

सूनबाईंची काही चूक नाही, डब्यावर हिरवं पान आणि हसणारं बाळ छापलं होतं, ओझोन हा शब्द मागे इतक्या बारीक अक्षरात की मला चष्मा काढून डबा डोळ्याजवळ धरावा लागला. मशीन बंद केलं, खिडक्या उघड्या ठेवल्या, घसा आठवड्यात बरा झाला, खोकल्याला डॉक्टरांचं औषध चालू केलं.

माझी विनंती तुम्हालाच आहे. असल्या मशीनची जाहिरात तुमच्याकडे आली तर ओझोन किती मिलिग्रॅम निघतो तो आकडा आणि "चालू असताना खोलीत माणूस, जनावर नको" ही ओळ मोठ्या अक्षरात असल्याशिवाय छापू नका.

आपला एक जुना वाचक,
रामबाग, इंदूर