93व्या जागेवरचं अक्षर

तीर्थरूप आई-बाबांस,
शि. सा. न.

फोनवर बाबांच्या लिव्हरच्या आजाराचा, हेपटायटिस सी चा, विषय काढला की बाबा "बरं बरं, बघू" म्हणतात आणि फोन आईच्या हातात देतात. म्हणून लिहिते आहे. पुढच्या रविवारच्या कोयनेची तिकिटं काढली आहेत. तीन महिने पुण्यात राहायचं. आधी विचारायला हवं होतं, मान्य. पण विचारलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असतात ते मला ठाऊक आहे.

बाबा, गोळी सरकारी दवाखान्यात फुकट मिळते मग पुणं कशाला, हा तुमचा प्रश्न चूक नाही. 2018 पासून राष्ट्रीय कार्यक्रमातून खरंच मिळते. बहुतेकांना तेवढीच पुरते. 12 आठवडे रोज एक गोळी, आणि 95 टक्क्यांहून जास्त लोक बरे होतात. दुसऱ्या कुणाचे वडील असते तर मीच म्हटलं असतं, तिथंच घ्या. पण तुमच्या रिपोर्टात दोन गोष्टी एकदम आल्या आहेत. हेपटायटिस सी चा विषाणू जीनोटाइप 3 चा आहे, आणि लिव्हरवर व्रण धरले आहेत. लिव्हर अजून काम नीट करतंय, आई, तू लगेच देव पाण्यात घालू नकोस.

तुमच्याच, छापखान्याच्या भाषेत सांगते. या विषाणूचा जनुकीय मजकूर साधारण 9,600 अक्षरांचा. जीनोटाइप म्हणजे त्याच्या वेगवेगळ्या आवृत्त्या, आणि दोन आवृत्त्यांत जवळपास तिसरा हिस्सा अक्षरं वेगळी. आपल्या देशात 3 नंबरचीच जास्त दिसते. पेशंटच्या अंगात रोज लाख कोटीच्या घरात प्रती निघतात आणि या छापखान्यात मुद्रितशोधक नाही! खिळे जुळवणारं एन्झाइम मागं वळून प्रूफ वाचतच नाही. त्यामुळं चुका तशाच पुढं जातात, आणि तुमच्या रक्तात एक विषाणू नसतो, थोड्या थोड्या फरकाच्या प्रतींचा जमाव असतो. अंगातली प्रतिकारशक्ती वरचं वेष्टन ओळखायला शिकते तोवर वेष्टनावरचा मजकूर बदललेला. अजून याची लस नाही त्यामागं हेच मोठं कारण.

त्या जमावात कधी कधी एक चूक नेमकी नको तिथं पडते. एनएस5ए नावाच्या प्रथिनात 93व्या जागी टायरोसीन या अमिनो आम्लाच्या ऐवजी हिस्टिडिन हे दुसरंच. मूळ मजकुरात फरक फक्त एका अक्षराचा. पण गोळीतलं वेल्पाटासवीर नेमकं याच प्रथिनाला धरतं, आणि ही चूक असली की त्याची पकड सुटते. बहुतेकांत ती नसते. मात्र जीनोटाइप 3 आणि लिव्हरवर व्रण असं दोन्ही असेल तर सुरुवात करण्याआधी बघून घ्यावं लागतं. निघालीच तर डॉक्टर एक औषध जोडतील आणि मधून मधून हिमोग्लोबिन तपासतील. एवढ्यासाठी पुणं.

नऊ वर्षं मी परक्यांच्या विषाणूंचे हे मजकूर वाचते आहे. वाळव्याच्या रस्त्यावरचा तो अपघात, 1987, रक्ताच्या दोन बाटल्या, ही गोष्ट मला तोंडपाठ. तरी एकदाही म्हटलं नाही, की बाबा, एकदा तपासून घ्या. शेवटी मोतीबिंदूच्या आधीच्या तपासणीत कळलं, आणि तेही दवाखान्यातल्या बाईंनी चारचौघांत मोठ्यानं वाचून दाखवलं. त्या दिवसापासून मला नीट झोप नाही.

आई सांगत होती, तुम्ही ताट-वाटी वेगळी केली आहे आणि ओवीला जवळ घेत नाही. बाबा, असं करू नका. जेवणातून, शिवण्यातून हा पसरत नाही. दाढीचं ब्लेड आणि दातांचा ब्रश तेवढा आपला आपला. आणि "मी कधी थेंब घेतला नाही, लोक काय म्हणतील" हे मनात आणू नका. त्या रक्तदात्यावरही रागावू नका. या विषाणूचा शोधच 1989 मध्ये लागला. तुम्हाला रक्त चढवलं तेव्हा जगातल्या कुठल्याच रक्तपेढीकडे याची तपासणी नव्हती. आई दिवाळीत त्याच्या नावानं पणती लावते ती लावू दे.

खालच्या मजल्यावरची खोली रिकामी केली आहे. जिने नाहीत. कमोडशेजारी धरायला दांडी बसवली. सकाळी पेपर येईल, दोन येतील, तुम्हाला एका पेपरातल्या चुका पुरत नाहीत. आई, कांदा-लसूण चटणी तुझीच आण, इथली गोड लागते. तुळशीला पाणी आणि मांजराला दूध शेजारच्या काकू घालणार आहेत, मी बोलले. दादालाही सांगितलं. बाबा, तुम्ही सांगू नकोस म्हणाला होतात, पण माझ्याच्यानं राहवलं नाही. तो रागावला नाही, रडला.

आता ऐका. अ‍ॅसिडिटीची गोळी डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घ्यायची नाही, तिच्यामुळं हे औषध अंगी लागत नाही. झाडपाल्याचा काढा बंद. मधुमेहाच्या गोळ्यांची चिठ्ठी सोबत घ्या. आई, तुझंही रक्त तपासायचं आहे. नवरा-बायकोत हा क्वचितच जातो, पण तपासायचं. माझं आणि दादाचं झालं, आम्ही दोघं ठीक आहोत. गोळ्या संपल्यावर आणखी 12 आठवड्यांनी रक्तात विषाणू सापडला नाही, की बरे झालात. अँटीबॉडीचा रिपोर्ट मात्र पुढंही पॉझिटिव्हच येत राहील, तेव्हा घाबरून जायचं नाही.

पत्र्याच्या पेटीत दवाखान्याचा जुना कागद असेल तर तोही आणा. त्याच पेटीत तुम्ही प्रेसमधून माझ्यासाठी आणायचात ते पाठकोरे कागद आहेत ना अजून? ओवीला चित्रं काढायला हवेत.

खिडकीची जागा आईलाच द्या. मी स्टेशनवर आहे.

तुमची,
मनू