चित्रकाराचं नावही छापा

संपादक महोदय,
स.न.

रविवारच्या पुरवणीत मुलांच्या नव्या पुस्तकांचा परिचय येतो, तो मी आवर्जून वाचते. लेखक, प्रकाशक, पानं, किंमत, सगळं दिलेलं असतं. 'चित्रं सुरेख' असंही असतं. ती काढली कोणी, हे मात्र बहुतेकदा नसतं. पुस्तकातला सगळा मजकूर एकत्र केला तर दोन पानंही भरणार नाहीत, बाकी चित्रंच, तरीही.

मी खारेगावात राहते आणि मुलांच्या पुस्तकांच्या चित्रांवर पोट भरते. गोष्ट हातात आली की आधी तिची पानं पाडायची. पान उलटल्यावरच वाघ दिसला पाहिजे, मजकुराला मोकळी जागा हवी, जोडपानावर कुणाचं नाक बांधणीत जाता कामा नये. हे सगळं कच्च्या रेखाटनांतच ठरतं. सध्या एका कोळणीच्या मुलीची गोष्ट करतेय. लेखिकेने तिला 'चुणचुणीत' म्हणून मोकळं केलंय. तेल चोपडलेल्या दोन वेण्या, तुटलेला पट्टा सेफ्टी पिनेने सांधलेली चप्पल, हे मी कळव्याच्या बाजारात मासळीवाल्यांपाशी उभी राहून टिपलं. आता ती पिन प्रत्येक पानावर डाव्याच पायात हवी. संपादकांच्या नजरेतून सुटेल (पुस्तकाच्या, तुमच्या नव्हे), पण पाच वर्षांचं पोर हमखास पकडणार.

मानधन ठोक, एकदाच. दुसरी आवृत्ती निघाली तर मला दुकानात कळतं. तो वाद प्रकाशकांशी आहे, तुमच्यापर्यंत आणत नाही. पण १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ असं सांगतं, की हक्क विकले तरी 'हे काम माझं' म्हणण्याचा अधिकार कलावंताकडेच राहतो. माधुरी पुरंदरे स्वतः लिहितात आणि चित्रंही स्वतःच काढतात, म्हणून त्यांचं नाव गळत नाही. राम वाईरकरांचं काय? 'टिंकल' या मुलांच्या मासिकातला निमुळत्या डोक्याचा सुप्पांडी १९८३पासून घरोघरी पोचलाय. ते डोकं वाईरकरांच्या हातचं, हे किती घरांत ठाऊक असेल?

'चित्रे : अमुक' याला तुमच्या सदरात अर्धी ओळही लागणार नाही. जागा फारच कमी पडली तर किंमत गाळा, ती पुस्तकामागे छापलेली असते.

एक चित्रकार,
खारेगाव, कळवा (जि. ठाणे)