कोचीला गाईड घ्यावा का?

ठाणे,
12 जानेवारी

प्रिय शरद,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. फेब्रुवारीत तू आणि वहिनी कोचीला जाणार हे वाचून फार आनंद झाला. फोर्ट कोची आणि मट्टांचेरी पाहायला गाईड घ्यावा की आपले आपण हिंडावे, असे तू विचारले आहेस. गाईडच्या मागे कळपाने फिरण्याचा मला किती कंटाळा आहे हे तू जाणतोसच; तरीही कोचीपुरते माझे उत्तर ‘अवश्य घ्यावा’ असेच आहे. तिथल्या इमारती दिसायला काही भव्य नाहीत. एकाने बांधलेल्या घरात दुसरा कसा राहायला आला, हे कोणी क्रमाने सांगितले नाही, तर त्यांतली निम्मी ठिकाणे दहा मिनिटांत पाहून होतात आणि हाती काहीच लागत नाही.

सेंट फ्रान्सिस चर्चचेच पाहा. 1503 साली पोर्तुगीजांनी ते लाकडाचे उभारले आणि पुढे पक्के बांधले. 1663 मध्ये डचांनी कोची जिंकली तेव्हा कॅथलिकांचे हे चर्च प्रोटेस्टंट झाले, 1795 मध्ये इंग्रज आल्यावर ते यथावकाश अँग्लिकनांकडे गेले, आणि आज ते चर्च ऑफ साउथ इंडियाच्या ताब्यात आहे. शाळेच्या पुस्तकाने आपल्याला वास्को द गामाबरोबर 1498 च्या कालिकतपर्यंत नेले आणि तिथेच सोडले. तो तिसऱ्यांदा हिंदुस्थानात आला असता 1524 च्या नाताळच्या आदल्या दिवशी कोचीत वारला आणि याच चर्चमध्ये पुरला गेला, हे मला तिथे उभा राहीपर्यंत ठाऊक नव्हते. त्याचे अवशेष पुढे पोर्तुगालला नेले. इथे उरली आहे ती कठड्याआडची शिळा. भिंतींत बसवलेल्या डचांच्या थडग्यांच्या शिळा आणि छताला टांगलेले, बाहेरून दोरीने ओढायचे कापडी पंखेही पाहून घे.

किनाऱ्यावरची चिनी जाळी तू चित्रांत पाहिली असशीलच. ती चीनमधून थेट आली की मकावमार्गे पोर्तुगीजांनी आणली, यावर जाणकारांत एकमत नाही. आमच्या गाईडने दोन्ही मते सांगितली आणि तिथेच त्याच्यावर माझा विश्वास बसला. एक माणूस मुख्य वाशावरून तोल सांभाळत पुढे चालत जातो आणि त्याच्या वजनाने ते अवाढव्य जाळे पाण्यात उतरते. वर घेताना चारपाच जण दोर ओढतात आणि दोरांना बांधलेले दगड त्यांचा भार हलका करतात. मासळी मात्र बेताचीच निघते. दोर ओढून पाहायला बोलावतील. जायचे असेल तर खिशात सुटे पैसे ठेव.

मट्टांचेरीचा राजवाडा 1555 च्या सुमारास पोर्तुगीजांनी बांधून कोचीच्या राजाला दिला, कारण त्यांच्या लोकांनी देऊळ लुटल्याने राजा संतापला होता, असे सांगतात. डचांनी केली ती डागडुजी, पण लोक त्याला म्हणतात डच पॅलेस! बाहेरून तो एखाद्या कोठारासारखा दिसतो. आत राजाच्या शयनगृहाच्या भिंतींवर मात्र रामायण असे दाटून रंगवले आहे की हाताएवढी जागा मोकळी नाही. इथे गाईडला घाई करू देऊ नकोस. राजवाड्यालगतच, राजाने दिलेल्या जागेवर, 1568 चे परदेशी सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ आहे. पोर्तुगीजांनी त्याची नासधूस केली आणि डच आल्यावर ते पुन्हा उभे राहिले. जमिनीवरच्या निळ्या चिनी फरश्या हाताने रंगवलेल्या आहेत. एकीसारखी दुसरी नाही, असा गाईडचा दावा होता. मी वाकून वाकून जोडी शोधत राहिलो, ती सापडली नाही खरी. इस्राएलच्या स्थापनेनंतर बहुतेक ज्यू तिकडे गेले, त्यामुळे ज्यू टाऊनमध्ये आज ज्यू जवळजवळ नाहीत आणि दुकाने भरपूर आहेत. त्यांपैकी एका मसाल्याच्या दुकानात आमचा अर्धा तास गेला. गाईडचे आणि दुकानदाराचे काही ठरलेले असते हे उघड आहे, तेव्हा ‘दुकान नको’ असे आधीच स्पष्ट सांग.

त्या वाचलेल्या अर्ध्या तासात गाईडला चेरलाईला घेऊन चल, असे सांग. नेहमीच्या फेरीत हा भाग नसतो. पोर्तुगीजांच्या जाचामुळे सोळाव्या शतकात गोवा सोडून आलेल्या गौड सारस्वतांची ही वस्ती असून तिथे त्यांचे तिरुमल देवस्थान, म्हणजे वेंकटेशाचे देऊळ आहे. तुझ्यासाठी हे मुद्दाम लिहितो आहे, कारण तू उभा जन्म वनस्पतिशास्त्र शिकवण्यात घालवलास. मलबारच्या वनस्पतींवरचा ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ 1678 ते 1693 या काळात ॲम्स्टरडॅमला छापला गेला. तो घडवून आणणारा डच गव्हर्नर व्हान ऱ्हीड होता, पण झाडे ओळखून त्यांचे गुण सांगणारे होते इट्टी अच्युतन हे मल्याळी वैद्य आणि त्यांच्या जोडीला रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट हे याच समाजातले तीन कोकणी वैद्य. या तिघांचे कोकणीतले प्रमाणपत्र पहिल्याच खंडात नागरी लिपीत छापलेले आहे. देवळाबाहेर दोन म्हाताऱ्यांचे कोकणी बोलणे कानी पडले आणि त्यातले बरेचसे मला, माझ्या मालवणीच्या जोरावर, समजले. मीही आगाऊपणे बोलायला गेलो, तर त्यांनी चहाच पाजला.

शुक्रवार आणि शनिवार टाळ, कारण शुक्रवारी राजवाडा बंद असतो आणि शनिवारी सिनेगॉग. एर्नाकुलमहून टॅक्सीने न जाता बोटीने जा; भाडे किरकोळ आहे आणि वाटेत विलिंग्डन बेट दिसते, जे बंदर खोल करताना उपसलेल्या गाळातून गेल्या शतकात तयार केले. गाईड सकाळीच ठरव, कारण फेब्रुवारीतही दुपारी ऊन सोसवत नाही आणि वहिनींच्या गुडघ्याचा विचार करता दोन टप्प्यांत फिरणे बरे. आमच्या गाईडचा नंबर माझ्याकडे आहे. तारखा पक्क्या झाल्या की कळव, म्हणजे मी त्याच्याशी आधी बोलून ठेवतो.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
श्रीधर